लिटरला बारा: आळंद ते कमठाणा

गाडी पांढरी, पेट्रोलवरची, अकरा वर्षांची. दीड वर्षापूर्वी ती माझ्या बहिणीकडे आली तेव्हा लिटरला सतरा किलोमीटर जात होती. या मार्गशीर्षात ती बारा जात होती. त्या पाच किलोमीटरच्या फरकामुळे ती विकायचं ठरलं होतं, आणि ते थांबवता येतं का हे पाहायला मी सोलापूरहून आळंदला गेलो. मी वर्तमानपत्रात काम करतो. गाड्यांतलं मला इतर कोणाही इतकंच कळतं. मात्र तक्रार तपासून घ्यायची सवय आहे.

बहिणीचं नाव सुनंदा. लग्नाआधी मी तिला ताई म्हणायचो. सीमेपलीकडे तिला सगळेच अक्का म्हणतात, त्यामुळे आता मीही तेच म्हणतो. ती आळंदला राहते आणि निंबर्ग्याच्या शाळेत गणित शिकवते. दाजी नोकरीनिमित्त हैदराबादला असतात. गाडी तिच्या सासऱ्यांची. त्यांना घरात आणि गावात अप्पा म्हणतात. ते बिदरजवळ कमठाण्याला शेती करतात. त्यांनीच ती सुनेला वापरायला दिली होती आणि आता तेच परत मागत होते. हुमनाबादचा शरणप्पा नावाचा एक किराणा व्यापारी गिऱ्हाईक म्हणून ठरला होता. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, दोन दिवसांनी तो कमठाण्याला येऊन गाडी घेऊन जाणार होता.

अप्पांचं म्हणणं अक्काने मला तिखटमीठ न लावता सांगितलं. "म्हणत्यात, सतराची गाडी पोरीनं बाराला आणली. क्लचवर पाय ठेवून चालवायली."

"ठेवतेस का?"

"तू पण?" ती म्हणाली. "ये, शेजारी बस. वही घेऊन बस."

आळंद

शुक्रवारी दुपारी आम्ही सोप्या गोष्टींपासून सुरुवात केली. चाकांत हवा पाहिली. बत्तीस हवी होती, चोवीस निघाली. हवा भरणारा म्हणाला, "रस्ता खराब हाय म्हणून समदेच कमी ठेवत्यात, अक्का. धक्के लागत न्हाईत." धक्के वाचतात हे खरं, पण नरम चाक ओढायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. हवा पूर्ण भरली.

मग एअर फिल्टर काढला. तुरीची रास चालू असण्याचे हे दिवस. रस्त्याच्या कडेला, कधी रस्त्यावरच तूर पसरलेली असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या ती मळून देतात. तो सगळा भुसा फिल्टरच्या घड्यांत बसला होता. आपटल्यावर पायाशी लहानसा ढीग पडला. नवा फिल्टर बसवला. थोडं अंतर चालवून चारही चाकांना हात लावून पाहिला. एकही तापलेलं नव्हतं. म्हणजे ब्रेक धरून राहत नव्हता.

दोन कारणं सापडली म्हणून आम्ही खूश होतो. पुढच्या वेळी टाकीत किती लिटर मावतं यावरून माप काढायचं होतं. पंपावर टाकी भरायला गेलो तेव्हा अक्काने पंपावरच्या माणसाला कन्नडमध्ये बजावलं, की नळी पहिल्यांदा टक् करून थांबली की हातही लावायचा नाही. त्याला आकडा गोल करायची सवय होती. त्याने आणखी थोडं ढकललंच.

"झालं. ही टाकी गेली मापातून," अक्का मला मराठीत म्हणाली.

"मग?"

"मग उद्या परत भरायची. गणिताच्या मास्तरणीला हे चालत न्हाई."

निंबर्गा

शनिवारी सकाळची शाळा. आळंदहून निघालो तेव्हा थंडी होती आणि काळ्या रानावर धुकं बसलं होतं. करडई अजून फुलावर नव्हती, ज्वारी कमरेएवढी होती. मी वही उघडून शेजारी बसलो आणि बहीण गाडी कशी चालवते याची नोंद करू लागलो. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये तिने क्लचवर एकदाही विनाकारण पाय ठेवला नाही. गिअर वेळेवर बदलले. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे राहिली, घाईने पुढे घुसली नाही. माझ्या स्वतःच्या चालवण्याबद्दल मला एवढी खात्री देता येणार नाही. डॅशबोर्डवरचे आकडेही मी उतरवले: वेग, इंजिनाचे फेरे, तापाचा काटा. काटा अगदी तळाशी होता. त्यापुढे मी लिहिलं, 'ठीक'.

"काय लिहायलास एवढं?"

"चूक सापडत नाही असं."

"मग हेही लिही, की भाऊ बसल्यापास्नं गाडीत एक पोतं वाढलंय."

शाळेच्या आवारात आम्ही डिकी उघडली. पोती खरोखरच निघाली. एका पोत्यात लेझीम, एकात वीसेक किलो ज्वारी, शिवाय भिंतीवरचे दोन नकाशे आणि पाण्याचा कॅन. लेझीम गेल्या गणेशोत्सवापासून गाडीत फिरत होते. शाळेच्या कारकुनाने ते ताब्यात घेतले आणि ते चोरीला गेल्याची नोंद आपण तीन महिन्यांपूर्वीच केली आहे असं शांतपणे सांगितलं.

बाकीचं सामानही उतरवलं, पण डिकी रिकामी राहिली ती शाळा सुटेपर्यंत. आमच्याकडे लेक सासरी निघाली की तिच्या हातात पिशवी देतात. इथे गाडी दिसली की पोतं देतात. शिपायाच्या बायकोने तुरीच्या शेंगा आणल्या, कोणाच्या आईने हिरवा हरभरा मुळासकट आणला, कोणी गुळाची ढेप आणली. मी मापाचं कारण सांगून पाहिलं.

"आजचा दिवस गाडी रिकामी ठेवायचीय."

"येळवशीला रिकामी गाडी?" शिपायाची बायको म्हणाली. "लोक काय म्हणतील, निंबर्ग्यात मास्तरणीला कोण इचारत न्हाई व्हय?"

माप हरलं. ढेप मी मांडीवर घेतली, जणू त्याने काही फरक पडणार होता.

निघताना अक्का गाडीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "गाडीच्या आधी दोन बस होत्या. साडेपाचला घर सोडायचं, दिवेलागणीला परत. ते परत करीन, त्याचं काय न्हाई. पण दत्ता, मला गाडी चालवायला आवडतंय. ह्या रस्त्याला सकाळी एकटी असते ना मी, तेव्हा कुणाची कोण नसते. हे अप्पांना कसं सांगू?"

मी ते वहीत लिहिलं नाही. कारकुनाला विचारलं, इथे जवळपास चांगला मिस्त्री कोण. तो म्हणाला, बसवकल्याणचे रशीद उस्ताद. कमठाण्याच्या वाटेवरच होते.

बसवकल्याण

आळंदला टाकी नीट भरून घेतली, या वेळी पहिल्या टक्‌ला थांबून. बसवकल्याणला पोचल्यावर पुन्हा भरली. सहासष्ट किलोमीटर, पाच लिटर. तेरा पॉइंट दोन. हवा आणि फिल्टरने एवढीच सुधारणा झाली होती. तेराच्या गाडीला अप्पा थांबणार नव्हते.

रशीद उस्तादांचं गॅरेज बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला आहे. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, अंगात धुतलेला पांढरा शर्ट, ज्यावर दिवसाअखेरीसही डाग नव्हता. त्यांनी आमची सगळी हकिकत ऐकली आणि बॉनेट उघडण्याऐवजी गाडीच्या आत डोकं घातलं.

"कितना चला के लाए?"

"सहासष्ट किलोमीटर," मी सांगितलं.

"और काटा इदरच?" त्यांनी तळाच्या रेघेवर पेन्सिल टेकवली. "रोज इदरच रैता?"

"व्हय," अक्का म्हणाली. "थंड हाय ना गाडी. चांगलंच की."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. तिथे 'ठीक' हा शब्द होता. त्यांनी वाचला असावा.

"मॅडम, इंजन को ताप होना. आदमी को ताप आया तो बीमार, इंजन को नै आया तो बीमार."

नंतर त्यांनी स्पार्क प्लग काढून दाखवले. चारही काजळीने काळे. पेट्रोल पुरतं जळत नव्हतं. इंजिन थंड असलं की गाडीतला संगणक त्याला जास्त पेट्रोल पाजतो, तापेपर्यंत. हे इंजिन दीड वर्ष तापलंच नव्हतं, त्यामुळे पाजणंही थांबलं नव्हतं. रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारं पाणी इंजिन तापेपर्यंत अडवून धरणारा एक लहानसा वॉल असतो, थर्मोस्टॅट म्हणतात तो. तो उघडा अडकला असेल, असा उस्तादांचा अंदाज होता. त्यांनी खाली घमेलं लावलं, हिरवं पाणी त्यात उतरवलं, दोन बोल्ट सोडले आणि झाकण काढलं.

आत वॉल नव्हताच.

"कोन निकाला ये?" उस्तादांनी विचारलं.

अक्काला माहीत नव्हतं. दोन सर्व्हिसिंग तिने आळंदला करून घेतली होती, तिथे हा भाग कोणी उघडला नव्हता. उस्तादांना मात्र नवल वाटलं नाही. "गर्मी के दिनां में निकाल देते लोगां. गुलबर्गा, आळंद, इदर सब. गाडी उबलती बोल के. उबलना बंद हो जाता, हौ. पन बाद में सर्दी के दिनां आते."

त्यांच्याकडे या गाडीचा वॉल नव्हता. त्यांनी कलबुर्गीला, म्हणजे गुलबर्ग्यालाच, फोन केला आणि आम्हाला संध्याकाळच्या बसची वाट पाहायला सांगितली. दुकानदार पार्ट कागदात गुंडाळून ड्रायव्हरच्या हाती देतो, आणि इथे स्टँडवर ज्याचा त्याने उतरवून घ्यायचा. सोलापूरला यासाठी पावती, शिक्का आणि अर्धा दिवस लागला असता.

मधले तीन तास आम्ही हॉटेलात काढले. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला पदार्थ आमच्याकडे सुशीला म्हणून मिळतो. इथे तो सुसला असतो, त्यात डाळ्याचं पीठ सढळ हाताने घालतात आणि वर मिरचीची भजी ठेवतात. आमच्यापेक्षा बरा लागतो. अक्काने दोन बशा खाल्ल्या आणि वेटरशी कन्नडमध्ये, शेजारच्या बाईशी मराठीत, चहावाल्याशी दखनीत बोलली. वाट पाहताना ती अशी बोलत राहते. मधूनमधून उठून स्टँडच्या फाटकाकडे पाहून येत होती.

बस आली. ड्रायव्हरने खिडकीतून पुडी पुढे केली आणि विचारलं, "रशीद उस्तादांचा ताप घ्यायला कोण आलंय?"

वॉल मुठीत मावेल एवढा होता. बसवायला वीस मिनिटं लागली. प्लगही बदलले. उस्तादांनी इंजिन चालू करून अक्काला काट्याकडे पाहायला सांगितलं. काटा हलला, हळूहळू वर आला आणि बरोबर मध्यावर थांबला. अक्काने आपोआप किल्लीकडे हात नेला.

"नक्को," उस्ताद म्हणाले. "वहींच उसका घर है."

हुमनाबादकडे

त्या रात्री अक्काच्या एका मैत्रिणीकडे राहिलो. रविवारी सकाळी टाकी भरली, किलोमीटर लिहिले आणि निघालो. पहिला अर्धा तास अक्काचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होतं. हुमनाबादच्या अलीकडे एका चढावर तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"वास यायलाय," ती म्हणाली.

मी उतरून वास घेतला. शेजारच्या रानात गुऱ्हाळ होतं. काकवीचा वास येत होता. गुऱ्हाळवाल्याने आम्हाला गाडी बिघडलेली माणसं समजून बोलावलं आणि मदतीला माणूस देऊ केला. बिघाड नाही हे पटवून देईपर्यंत दोन पेले रस पिऊन झाला होता आणि डिकीत आणखी एक ढेप आली होती.

हुमनाबाद सोडल्यावर जमीन बदलते. काळं रान मागे राहतं आणि वाट लाल मातीच्या पठारावर चढते. विहिरीच्या कडाही लाल, घरांच्या भिंतीही त्याच दगडाच्या. दोन्ही बाजूंनी माणसं रानाकडे निघाली होती. बायांच्या डोक्यावर घोंगडीने झाकलेल्या पाट्या, बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये, मोटारसायकलवर मडकी. सोलापूर शहरात मला येळवस कॅलेंडरवरून कळते. इथे त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे शेतात जेवतात, आणि वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आम्हाला तीन ठिकाणी हात दाखवला. अक्काने तिन्ही ठिकाणी वेग कमी करून सांगितलं, "सासरी जायलोय." ते कारण चाललं.

कमठाणा

अप्पा दारात उभे होते. पंच्याहत्तरीचे, उंच, डोक्याला पटका. त्यांचे आजोबा मेंढरं राखत. अप्पांनी लहानपणी राखली आणि मग शेतीला लागले. गाडीलाही ते जनावरासारखं पाहतात, आल्या आल्या पुढून मागून फिरून, टायरला हात लावून.

"पाव्हणं, बरं झालं आलात," ते मला म्हणाले. अक्काला म्हणाले, "शरणप्पा दुपारला यायलाय. सामान काढून ठेव."

तिने शेंगा आणि हरभरा उतरवला, ढेपा डिकीतच ठेवल्या. मापाचं काय झालं ते अजून कळायचं होतं, आणि कळल्याशिवाय बोलायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

घरची बाकी मंडळी बैलगाडीने पुढे गेली. आंबिलीचं मडकं हिंदकळू नये म्हणून ते गाडीतून न्यायचं होतं. अप्पा ते मांडीवर घेऊन पुढे बसले, मी मागे. गाव संपेपर्यंत ते रस्त्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर डॅशबोर्डवर गेली.

"बंद कर," ते म्हणाले.

"काय झालं?"

"बंद कर म्हणलो न्हाई का. काटा बघ कुठं आलाय. गाडी पेटंल."

अक्काने गाडी थांबवली, पण बंद केली नाही. "अप्पा, तो तिथंच असाया पाहिजे."

"मला शिकवू नको. आत वॉल न्हाई. वॉल न्हाई आन् काटा मधी आला म्हणजे पाणी संपलंय."

"वॉल न्हाई हे तुम्हाला कसं ठावं?"

अप्पांनी मडक्याचं तोंड हाताने झाकलं.

"मीच काढायला लावला," ते म्हणाले. "तुला द्यायच्या आदल्या दिवशी. त्या उन्हाळ्यात हुमनाबादच्या चढाला उकळली होती. माझं काय, मी झाडाखाली बसलो दोन तास. तुला त्या आळंदच्या रस्त्याला, भर उन्हात, एकटीला उभं राहावं लागलं असतं. मिस्त्री म्हणला, वॉल काढतो, जन्मात तापायची न्हाई. म्हणलं, काढ."

"मग सांगितलात का न्हाई?"

"सांगायचं काय त्यात. जनावर सावलीत बांधलं तर सांगत बसतो का आपण?"

अक्काने त्यांना उस्तादांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, एकदाच, वर्गात सांगते तसं. थंड इंजिन, जास्त पेट्रोल, काळे प्लग. तेव्हा उकळली ती जुना वॉल बंद अडकल्यामुळे असेल, असा वॉल बदलायचा असतो, काढून टाकायचा नसतो, एवढं तिने स्वतःचं जोडलं. क्लचचं नाव तिने घेतलं नाही. अप्पांनी पूर्ण ऐकलं. मग मडक्याकडे पाहत म्हणाले, "चल. आंबील आंबट होईल." आंबील आंबटच असते. कोणी दुरुस्त केलं नाही.

शेतात कडब्याची खोप उभी होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पाच पांडव. पूजा झाली, शेताभोवती आंबील शिंपडून झाली. मग भज्जी वाढली. ती तळलेली भजी नव्हे. तुरीचे आणि वालाचे दाणे, हिरवा हरभरा, चिंच, पालेभाज्या बेसनात शिजवून केलेलं दाट कालवण असतं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. अक्काच्या सासूला, त्यांना घरात अव्वा म्हणतात, वॉलची गोष्ट कळायला पहिली भाकरी संपायचाही वेळ लागला नाही.

"दीड वरीस पोरीला बोललात," त्या अप्पांना म्हणाल्या.

"आंबील दे."

"देते की. आधी ऐका."

"ऐकायलोय म्हणूनच मागायलोय."

शरणप्पा तेवढ्यात बांधावरून आले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम, हातात पिशवी. गाडी घेऊनच परत जायचं म्हणून ते बसने आले होते. पिशवीत गाडीच्या पूजेचं सामान होतं: नारळ, लिंबं, झेंडूचा हार. अप्पांनी त्यांना हाताला धरून खोपीच्या सावलीत बसवलं आणि स्वतः ताट वाढलं. शरणप्पांनी दोनदा गाडीचा विषय काढला. दोनदा अप्पांनी भज्जी वाढली. तिसऱ्यांदा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"अप्पा, गाडी."

"गाडी द्यायची न्हाई."

"काय?"

"बिघडली नव्हती. मी बिघडवली होती. आता ती सुनंदाची हाय."

शरणप्पांनी अक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मग मला हुमनाबादहून कामून बोलावलात?"

"जेवायला," अप्पा म्हणाले. "येळवस हाय."

शरणप्पांनी रागावून पाहिलं. मग अव्वांनी खीर पुढे केली, आणि खिरीसमोर राग टिकला नाही. नारळ पांडवांपुढे फुटला. हाराचं काय करायचं असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी तो स्वतःच गाडीला घातला. परत नेऊन बायकोला काय सांगू, असं म्हणाले.

उन्हं उतरताना अक्का त्यांना बिदरच्या स्टँडवर सोडायला निघाली. मीही गेलो, कारण माप राहिलं होतं. बिदरच्या पंपावर तिने पुन्हा कन्नडमध्ये बजावलं आणि या वेळी माणसाने हात मागे घेतला. सहा लिटर चारशे मिली. बसवकल्याणपासून एकशे सहा किलोमीटर. भागाकार शरणप्पांनी आपल्या फोनवर केला. आमच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा केला, परत केला.

"साडेसोळा," ते म्हणाले. "डिकीत दोन ढेपा आन् माझ्यासकट."

स्टँडवर उतरल्यावर ते खिडकीपाशी वाकले.

"अक्का, कधी विकायची झाली तर आधी मला सांगा."

"बरं," अक्का म्हणाली, गिअर टाकला, आणि मला न विचारता कमठाण्याचा जवळचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याला लागली.